स्टॉर्म कंट्रोल लावूनही मल्टिकास्टचा पूर पुन्हा पुन्हा येतो: कुठे पाहायचं आणि मर्यादा कुठे घालायची

तक्रार साधारण अशी असते. नेटवर्क दिवसभर नीट चालतं. मग अचानक प्रिंटर ऑफलाइन दिसतात, आयपी फोनवर आवाज तुटतो, वाय-फाय जोडलेलं असतं पण पान उघडत नाही. स्विचसमोर जाऊन उभं राहिलं तर जवळजवळ सगळ्या पोर्टांचे दिवे एका तालात लुकलुकत असतात. पोर्टचे आकडे काढले की बाहेर जाणारी मल्टिकास्ट पॅकेट्स (एकाने पाठवलेली, एका ग्रुपमधल्या अनेकांसाठीची) सपाट्याने वाढताना दिसतात. मग कोणीतरी सगळ्या पोर्टांवर स्टॉर्म कंट्रोल (अशा पॅकेट्सच्या वेगाला मर्यादा घालणारं स्विचचं सेटिंग) लावतं, मल्टिकास्टला पोर्टच्या वेगाचा एक टक्का देऊन मोकळं होतं. काही दिवस शांतता. नंतर तीच तक्रार परत येते आणि आता तिच्या जोडीला कॅमेऱ्याचं चित्र फुटतं ही दुसरी.

टक्क्याचा आकडा एकाचा दोन केला की सुटेल, असं हे प्रकरण सहसा नसतं. जिथे कोणी मागितलेलंच नाही तिथे मल्टिकास्ट का पोचतंय, हे आधी शोधावं लागतं. ते थांबलं की मर्यादेचं काम फार थोडं उरतं, आणि तेव्हा ती नेमकी कुठे घालायची हेही स्पष्ट दिसतं.

पकडायचं कसं

यासाठी पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लागत नाही. एक लॅपटॉप त्याच व्हीलॅनमधल्या (स्विचवर वेगळ्या आखलेल्या नेटवर्कमधल्या) कुठल्याही साध्या पोर्टला लावा, त्यावर काहीही चालू करू नका आणि वायरशार्क (पॅकेट्स पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. त्या लॅपटॉपने कुठलाही व्हिडिओ ग्रुप जॉइन केलेला नाही. तरीही जी मोठी मल्टिकास्ट धार त्याच्यापर्यंत येते, तोच तुमचा पूर. वायरशार्कमध्ये डेस्टिनेशन पत्त्यानुसार मोजणी लावली की दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

त्याआधी लूप (तारांचं वर्तुळ, ज्यात पॅकेट्स फिरतच राहतात) नाही ना, तेवढं बघून घ्या. लूप असेल तर मल्टिकास्टच्या बरोबरीने ब्रॉडकास्टही तितकंच उसळतं आणि एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) दोन पोर्टांमध्ये उड्या मारतोय असे संदेश लॉगमध्ये पडतात. तसं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि स्पॅनिंग ट्री (लूप टाळणारी स्विचमधली यंत्रणा) बघा.

आता पकडलेल्या पॅकेट्सचे पत्ते वाचा. २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर मोठमोठ्या यूडीपी पॅकेट्सची एकसारखी धार असेल, तर ते व्हिडिओ आहे किंवा एकाच वेळी अनेक संगणकांवर इमेज उतरवण्याचं काम चाललंय. २२४.०.०.२५१ आणि २३९.२५५.२५५.२५० वर बारीक बारीक पॅकेट्स असतील, तर ती उपकरणांची एकमेकांना शोधण्याची बडबड आहे: पहिला पत्ता एमडीएनएसचा, दुसरा एसएसडीपीचा. तारेच्या नेटवर्कवर ती क्वचितच कोणाला बुडवते. आणि मॅक पत्ता ३३:३३ ने सुरू होत असेल तर मामला आयपीव्ही६ चा आहे. त्यात एक जुना नमुना लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही नेटवर्क कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये संगणक स्लीपमध्ये गेला की कार्ड आयपीव्ही६ मल्टिकास्टचा मारा सुरू करतं. लोक उठून गेल्यावर, जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी नेटवर्क झोपत असेल, तर संशय आधी इथेच घ्या. खरा उपाय ड्रायव्हर बदलणं हाच. पण तोवर संगणकाच्या पोर्टवर स्टॉर्म कंट्रोल लावणं अगदी योग्य आहे, कारण अशा पोर्टवरून आत येणारं मल्टिकास्ट एरवी नगण्यच असतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: क्वेरियर नाही

आयजीएमपी स्नूपिंग म्हणजे स्विच संगणकांचे ग्रुप जॉइन करण्याचे निरोप (ते आयजीएमपी या पद्धतीने जातात) चोरून ऐकतो आणि कुठल्या पोर्टला कुठला ग्रुप हवाय याचा तक्ता ठेवतो. या नोंदी कायमच्या नसतात. कोणीतरी ठराविक वेळाने ‘अजून कोणाला काय हवंय?’ असं विचारावं लागतं, तेव्हा संगणक पुन्हा रिपोर्ट पाठवतात आणि नोंद ताजी राहते. हा विचारणारा म्हणजे क्वेरियर. मल्टिकास्ट चालू असलेला राउटर हे काम आपसूक करतो. पण कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर राउटरची गरज पडत नाही, म्हणून तो बसवलेला नसतो, आणि विचारणारं कोणीच उरत नाही.

प्रमाणित वेळा पाहा. प्रश्न दर १२५ सेकंदांनी, उत्तराला १० सेकंद, दोनदा चुकलं तरी चालेल असा हिशेब. म्हणजे नोंद २६० सेकंद टिकते. स्ट्रीम सुरू केल्यावर पहिली चार मिनिटं सगळं सुरळीत आणि मग बिघाड, हे दिसलं की दुसरं काही शोधायलाच नको. त्यापुढे काय होतं ते अनोळखी ग्रुपचं काय करायचं याच्या सेटिंगवर ठरतं. काही स्विच ते सगळ्या पोर्टांवर सोडतात, काही टाकून देतात. पहिल्या प्रकारात पूर येतो, दुसऱ्यात चित्र काळं पडतं. कारण एकच, पण तक्रारी अगदी उलट. दोन ठिकाणी दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच असले की माणूस हमखास गोंधळतो.

‘शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरियर’ किंवा तुमच्या स्विचवर जी आज्ञा असेल ती द्या. उत्तर रिकामं आलं तर मधल्या मुख्य स्विचवर त्या व्हीलॅनसाठी क्वेरियर चालू करा आणि त्याला व्हीलॅनमधला खरा आयपी पत्ता द्या. लिनक्स ब्रिजवर तर स्नूपिंग मुळातच चालू असतं आणि क्वेरियर मुळातच बंद. व्हर्च्युअल मशीनवाल्या मंडळींना हा फटका तिथूनच बसतो.

क्वेरियर आहे, तरी त्रास होतो? मग तो कोण आहे ते बघा. एकाहून जास्त क्वेरियर असले की त्यांच्या निवडणुकीत सगळ्यात लहान आयपी पत्ता जिंकतो. कोणीतरी कोपऱ्यात बसवलेला स्वस्त स्विच क्वेरियर चालू असलेल्या अवस्थेत आला आणि त्याचा पत्ता लहान असला, तर सगळ्या व्हीलॅनचा क्वेरियर तोच होतो. इथे खरी गोम आहे. ज्या दिशेने प्रश्न येतो त्या पोर्टला स्विच राउटरचं पोर्ट समजतात आणि व्हीलॅनमधलं सगळं मल्टिकास्ट तिकडे पाठवतात, कोणी मागितलेलं असो वा नसो. त्या कोपऱ्यातल्या स्विचची तार १०० एमबीपीएसची असेल तर ती तुडुंब भरते. शिवाय तो रात्री कोणी बंद केला, तर दुसऱ्या क्वेरियरला जागं व्हायला २५५ सेकंद लागू शकतात. ‘रोज सकाळी आणि रोज रात्री’ अशा तक्रारीचं मूळ मला यात बरेचदा दिसतं.

क्वेरियर ठीक आहे, तरी मधूनच काही मिनिटं पूर येतो

मग टोपॉलॉजी चेंज बघा. स्पॅनिंग ट्रीमध्ये बदल झाला की ग्रुपचे सदस्य दुसऱ्या वाटेला गेले असतील, असं धरून स्विच काही काळ मल्टिकास्ट सगळीकडे सोडतो. सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचवर हे मुळात दोन क्वेरी होईपर्यंत चालतं. क्वेरी १२५ सेकंदांनी येत असेल तर चार मिनिटं म्हणा ना. ज्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज सेटिंग (या पोर्टमागे स्विच नाही, टोकाचं उपकरण आहे असं सांगणारं) नाही असा एखादा साधा संगणक बंद-चालू झाला, तरी हा बदल जाहीर होतो. शंभर संगणकांच्या मजल्यावर कोणी ना कोणी मशीन रीस्टार्ट करतच असतं, त्यामुळे पूर कधीही, कुठलाही ताल न धरता येतो आणि पकडायला गेलं की गायब.

‘शो स्पॅनिंग-ट्री डिटेल’ मध्ये बदलांची संख्या आणि शेवटचा बदल कोणत्या पोर्टवरून आला ते दिसतं. त्या पोर्टचा माग स्विच-स्विच काढत शेवटच्या संगणकापर्यंत जा. टोकाच्या सगळ्या पोर्टांवर पोर्टफास्ट लावा, आणि हो, जोडीला बीपीडीयू गार्डही (चुकून स्विच जोडला गेला तर पोर्ट बंद करणारं सेटिंग). १०० एमबीपीएसचे नाजूक पोर्ट असतील तर त्यांच्यावर ‘नो आयपी आयजीएमपी स्नूपिंग टीसीएन फ्लड’ लावता येतं.

स्टॉर्म कंट्रोलला पोर्ट बंद करण्याची कृती दिली असेल तर या प्रकाराला आणखी बळ मिळतं. मर्यादा ओलांडली, पोर्ट बंद. आपोआप सावरण्याची सोय लावलेली असेल तर ३०० सेकंदांनी पुन्हा चालू. पोर्टफास्ट नसल्याने दर वेळी टोपॉलॉजी चेंज. त्यामुळे पुन्हा सगळीकडे पूर. पुढच्या स्विचवर तोच पूर अपलिंकमधून (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या तारेतून) आत आला की तिथली मर्यादा तुटते. एकाने दुसऱ्याला पाडायचं, असं हे चालत राहतं.

ग्रुपचा पत्ताच चुकीचा निवडलाय

याकडे फार कमी लोक बघतात. आयपी मल्टिकास्टचा मॅक पत्ता बनवताना आयपीचे शेवटचे २३ बिटच वापरले जातात, म्हणून ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅक पत्त्यावर येतात. तेवढ्याने सहसा बिघडत नाही. पण २३९.०.०.५ घ्या किंवा २३९.१२८.०.५ घ्या, दोन्हींचा मॅक ०१:००:५ई:००:००:०५ होतो, आणि २२४.०.०.५ म्हणजे ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या ग्रुपचाही तोच. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा स्नूपिंग असलं तरी सगळ्या पोर्टांवर सोडायचा असतो. जे स्विच मॅक पत्ता बघून निर्णय घेतात ते तुमचा व्हिडिओही तसाच सोडतात. काही ठिकाणी ही पॅकेट्स स्विचच्या सीपीयूकडेही जातात, आणि मग कन्सोलवर टाइप केलेलं अक्षरसुद्धा उशिरा उमटतं. २३९.१०.x.x सारखा पट्टा घ्या, दुसरा आकडा ० आणि १२८ सोडून काहीही ठेवा. पत्ते बदलणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण या दुखण्यावर दुसरं औषध नाही.

आता मर्यादा

स्टॉर्म कंट्रोलबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ते पोर्टमधून आत येणाऱ्या ट्रॅफिकला लागतं. प्रिंटर मरतोय म्हणून प्रिंटरच्या पोर्टवर लावलं तर प्रिंटरने पाठवलेलं मल्टिकास्ट अडेल. प्रिंटरवर येऊन आदळणाऱ्याला काहीही होणार नाही. ते जिथून स्विचमध्ये शिरतं त्या पोर्टवर लावायला हवं, म्हणजे कॅमेरा, एनकोडर किंवा इमेज पाठवणारा सर्व्हर जिथे जोडलाय तिथे.

टक्क्यांपेक्षा बीपीएस किंवा पीपीएसमध्ये (सेकंदाला किती बिट किंवा किती पॅकेट्स) मर्यादा देता येत असेल तर तशीच द्या. टक्का पोर्टच्या वेगावर मोजला जातो. एक गिगाबिटच्या पोर्टवर दोन टक्के म्हणजे २० एमबीपीएस. तारेची एक जोडी सैल झाली आणि पोर्ट १०० एमबीपीएसवर उतरलं की तेच दोन टक्के २ एमबीपीएस होतात. कॅमेऱ्याची तार हलली की चित्र फुटतं आणि लोक मल्टिकास्टमध्ये डोकं घालून बसतात. पोर्टचा सध्याचा वेग आधी बघा.

आकडा कसा ठरवायचा? मोजून. ८ एमबीपीएसचा एचडी स्ट्रीम असेल तर एका यूडीपी पॅकेटमध्ये सहसा १८८ बाइटची सात टीएस पॅकेट्स (व्हिडिओचे ठराविक आकाराचे तुकडे), म्हणजे १३१६ बाइट बसतात. हिशेब केला तर सेकंदाला साधारण ७६० पॅकेट्स. पण ही सरासरी झाली. एन्कोडर मोठी फ्रेम एका दमात बाहेर टाकतो, आणि स्टॉर्म कंट्रोलची मोजणी बहुधा एकेका सेकंदाची असते. मॉनिटरिंगमधली पाच मिनिटांची सरासरी ९ एमबीपीएस दाखवत असली तरी एखादा सेकंद १४ चा निघू शकतो. तिथे गिगाबिटचा एक टक्का, म्हणजे १० एमबीपीएस ठेवला, तर अधूनमधून चित्रावर चौकोन उमटतील आणि कारण कोणाच्या लक्षात येणार नाही. सेकंदासेकंदाची शिखरं मोजा आणि मर्यादा त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. सुरुवातीला कृती फक्त सूचना देण्याची ठेवा. काही दिवस कोण कधी ओलांडतंय ते बघून मग अडवायला लागा. पोर्ट बंद करण्याची कृती मी फक्त संगणकांच्या पोर्टांना देईन, तीही पोर्टफास्ट लावलेल्या.

स्विच-स्विचमधल्या अपलिंकवर मल्टिकास्टची कडक मर्यादा नकोच. सिस्कोच्या अनेक कॅटलिस्ट स्विचवर मर्यादा ओलांडली की बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे निरोप) आणि सीडीपी (सिस्को उपकरणांचे ओळख देणारे निरोप) सोडून बाकी सगळं मल्टिकास्ट अडतं. त्यात ओएसपीएफचे हॅलोही (‘मी जिवंत आहे’ असे निरोप) आले आणि एचएसआरपीचेही (एक राउटर पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घेण्याची सोय). एचएसआरपीचा हॅलो ३ सेकंदांनी जातो आणि १० सेकंद ऐकू आला नाही की स्टँडबाय राउटर स्वतःला अॅक्टिव्ह घोषित करतो. पलीकडचा अजून जिवंत असतो. ओएसपीएफचे शेजारी ४० सेकंदांनी तुटतात. आयपीव्ही६ वापरत असाल तर शेजाऱ्याचा मॅक शोधण्याची विचारणाही मल्टिकास्टनेच जाते, म्हणजे या मर्यादेत अडकून साधी जोडणीही बसू शकते. व्हिडिओ आवरायला गेलो आणि राउटिंग पडलं, असं व्हायला नको.

पॅकेट्स अडवू नका, जॉइन अडवा

टीसीपीवर मर्यादा घातली तर पाठवणारा हळू होतो. मल्टिकास्ट यूडीपीवर चालतं. पाठवणाऱ्याला पलीकडे काय गळालं याचा पत्ताच नसतो. आठ एमबीपीएसच्या व्हिडिओला सात एमबीपीएसची मर्यादा घातली तर सातचा व्हिडिओ मिळत नाही, आठचा मोडका व्हिडिओ मिळतो, आणि तो सगळ्या बघणाऱ्यांना एकदमच. म्हणून घेणाऱ्यांच्या बाजूला मला दुसरा मार्ग पटतो: एका पोर्टवर किती ग्रुप घेता येतील यावर मर्यादा. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर १२ स्ट्रीम म्हणजे ९६ एमबीपीएस, वर हेडर धरले की शंभरच्या पुढे. आठच ग्रुप घेऊ दिले तर नववा उघडणार नाही, पण पहिले आठ स्वच्छ दिसतील. सिस्कोवर हे ‘आयपी आयजीएमपी मॅक्स-ग्रुप्स’ ने होतं, आणि ‘आयपी आयजीएमपी प्रोफाइल’ ने कुठले ग्रुप चालतील तेही ठरवता येतं. मात्र २३९.२५५.२५५.२५० सारखे ग्रुप संगणक स्वतःहून जॉइन करतात आणि तेही या मोजणीत धरले जातात, म्हणून दोन जागा जास्त ठेवा. नाहीतर आठवा कॅमेरा का उघडत नाही यावर एक वेगळी तक्रार येईल.

पोर्टमागे एकच घेणारा असेल तर इमीजिएट लीव्हही (ग्रुप सोडल्याचा निरोप येताच स्ट्रीम लगेच थांबवणं) चालू करा. नाहीतर चॅनेल बदलल्यावर जुना स्ट्रीम दोनेक सेकंद नव्याच्या जोडीला उतरत राहतो. पोर्टमागे आणखी एक छोटा स्विच असेल तर मात्र अजिबात करू नका. एकाने चॅनेल बदललं की दुसऱ्याचं बंद पडेल.

पाठवणाऱ्या बाजूला मर्यादा सगळ्यात चांगली ती पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच. इमेज उतरवण्यासाठी यूडीपीकास्ट वापरत असाल तर त्यात ‘मॅक्स-बिटरेट’ हा पर्याय आहेच. तो न देता गिगाबिटवर सोडलं आणि शेजारी वाय-फायचे अॅक्सेस पॉइंट त्याच व्हीलॅनमध्ये असले, तर नंतर स्विचला दोष देण्यात अर्थ नाही.

राउटरवर

सिस्कोच्या जुन्या आयओएसच्या कॉन्फिगमध्ये ‘आयपी मल्टिकास्ट रेट-लिमिट’ अशी ओळ भेटते. आता हे काम क्लास-मॅप (ट्रॅफिक निवडणारी) आणि पोलिस (वेगाला मर्यादा घालणारी) आज्ञेने करतात: अॅक्सेस-लिस्टमध्ये ग्रुपचा पट्टा द्यायचा, आत येणाऱ्या इंटरफेसवर पॉलिसी लावायची. एक सावधगिरी बाळगा. पोलिसची मर्यादा त्या क्लासमधल्या सगळ्या ग्रुपना मिळून असते. २० एमबीपीएसमध्ये पाच स्ट्रीम कोंबले तर कुठला तुटेल हे कोणाच्या हातात नसतं. जे स्ट्रीम पलीकडे जायलाच नकोत त्यांना ‘आयपी मल्टिकास्ट बाउंडरी’ लावून सरळ अडवा, तिथे पोलिस लावण्याचं कारण नाही.

राउटरचा सीपीयू चढलेला असेल तर स्ट्रीमचा टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा; प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो) बघा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मल्टिकास्टचा टीटीएल मुळात १ असतो. असं पॅकेट राउटर पुढे पाठवू शकत नाही, आणि पुष्कळ राउटरांवर ते हार्डवेअरमध्ये न संपता सीपीयूच्या दारात जातं. सेकंदाला ७६० पॅकेट्स, तीही फेकून देण्यासाठीच! पलीकडे न्यायचं असेल तर टीटीएल वाढवा. न्यायचं नसेल तर अॅक्सेस-लिस्टने इंटरफेसवरच टाकून द्या आणि कंट्रोल प्लेनवर (राउटरच्या स्वतःच्या सीपीयूकडे जाणाऱ्या ट्रॅफिकवर) मर्यादा ठेवा.

वाय-फायचं गणित वेगळं आहे. तिथे मल्टिकास्ट सगळ्यात कमी बेसिक वेगाने जातं, पोच मिळत नाही, हरवलं तर पुन्हा पाठवलं जात नाही. तारेवर नगण्य वाटणारे ४ एमबीपीएस हवेत सगळा वेळ खाऊन टाकतात. अॅक्सेस पॉइंटवर मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर चालू करा आणि १ व २ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा. व्हिडिओचा व्हीलॅन वाय-फायपर्यंत पोचवूच नका.

सगळं बदलून झालं की चाचणी आयपर्फ २ (नेटवर्कवर मोजून ट्रॅफिक सोडणारा प्रोग्रॅम) ने घ्या, कारण आयपर्फ ३ ला मल्टिकास्ट येत नाही. एका पोर्टवरून २३९.१०.१.१ वर ५ एमबीपीएस सोडा, दुसऱ्यावर तो ग्रुप जॉइन करा, तिसऱ्यावर तोच रिकामा लॅपटॉप आणि वायरशार्क. तिसऱ्यावर हा पत्ता दिसता कामा नये. हे किमान दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे २६० सेकंदांची हद्द दोनदा ओलांडली जाईल. मधेच एखाद्या संगणकाचं पोर्ट मुद्दाम बंद-चालू करा. त्यानंतर पाठवण्याचा वेग मर्यादेच्या वर न्या आणि लॉगमध्ये स्टॉर्म कंट्रोलची ओळ कोणत्या पोर्टच्या नावाने पडते ते पाहा. ती पाठवणाऱ्याच्या पोर्टच्या नावाने पडायला हवी. अपलिंकच्या नावाने पडली तर तिथली मर्यादा आधी सैल करा.